मराठी लेख हुडकता यावा म्हणून: टॅग, फीड आणि ब्लॉगशोध संपल्यानंतरची कामं

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पाणी ओसरल्यावर कोण कुठे अडकलं, कोणी कोणाला घरात घेतलं, हे अनेक मुंबईकरांनी आपापल्या ब्लॉगवर लिहून काढलं. तेव्हा ते वाचायचं असेल तर टेक्नोराती हे ब्लॉग शोधायचं संकेतस्थळ उघडायचं, रोमन लिपीतल्या 'मुंबई' या टॅगवर, म्हणजे लेखांना लावलेल्या विषयशब्दावर जायचं, की नुकतंच लिहिलेलं सगळ्यात वर दिसायचं. आज त्याच दिवसाबद्दल मराठीत कोणी काय लिहून ठेवलंय ते शोधून पाहा. दर वर्षीच्या बातम्या मिळतील, व्हिडिओ मिळतील. पण कुर्ल्याहून घरी चालत गेलेल्या एखाद्या माणसाने स्वतः लिहिलेलं पान मिळवायला बरीच खटपट करावी लागते.

ती खटपट कशी करायची आणि आपल्या वाचकाला ती करावी लागू नये म्हणून काय करायचं, हे इथे सांगते. उदाहरणासाठी सगळीकडे एकच विषय धरते: गिरणगाव. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी इथल्या चाळी, गिरण्या आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप यांच्या आठवणी लिहिणारी घरं मुंबईत खूप आहेत. आजोबांची डायरी टंकून ठेवणारे नातू-नातीही आहेत. हे लेखन छापील पुस्तकांत येईलच असं नाही, म्हणून ते जाळ्यावर नीट सापडणं मला महत्त्वाचं वाटतं. तुमचा विषय पाककृती, गडकोट, वनस्पती असा काहीही असला तरी कामं हीच आहेत.

## आधी काय होतं, त्यातलं काय उरलं

टेक्नोराती डेव्ह सिफ्री यांनी २००२ मध्ये सुरू केलं. ब्लॉगवर नवा लेख आला की ब्लॉगचं सॉफ्टवेअर आपणहून तशी वर्दी पाठवायचं. तिला पिंग म्हणत. मग थोड्याच वेळात लेख शोधात यायचा. जानेवारी २००५ मध्ये तिथे टॅगची पानं सुरू झाली. लेखकाने लेखाखाली टॅगचा दुवा द्यायचा, दुव्याच्या कोडमध्ये 'हा टॅग आहे' अशी छोटी खूण ठेवायची, तेवढ्यावर जगभरचे लेख एका पानावर गोळा व्हायचे. फ्लिकरवरचे फोटो आणि डिलिशसवर लोकांनी जपलेले दुवेही त्याच पानावर दिसत. वर्गवारी वरून कोणी ठरवून दिलेली नव्हती. ज्याला जो शब्द सुचला तो त्याने लावला आणि पुरेशा लोकांना एकच शब्द सुचला की त्या शब्दाखाली संग्रह तयार झाला.

ट्विटरवर ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ ला हॅशटॅगची कल्पना मांडली. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नावाचा हॅशटॅग जगभरातून वाचला जात होता. त्याच टॅगखाली खऱ्या बातमीशेजारी अफवाही होत्या. टॅग लिहिणाऱ्यांना एकत्र आणतो, खऱ्या-खोट्याची हमी देत नाही. पावसाळ्यात जुना फोटो आजचा म्हणून फिरतो तेव्हा हे पुन्हा पुन्हा दिसतं.

यानंतर एकेक सेवा मिटत गेली. ब्लॉगांची फीडं वाचायचं गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं आणि तिथल्या मराठी गटांमधली चर्चाही गेली. टेक्नोरातीने २०१४ मध्ये ब्लॉगशोध थांबवला. डिलिशस २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुवे साठवायच्या दुसऱ्या सेवेने विकत घेतलं. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये दिलेली हॅशटॅग फॉलो करायची सोय डिसेंबर २०२४ मध्ये काढून घेतली. दुवे साठवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं.

इतक्या पडझडीतून तीन गोष्टी टिकल्या: स्वतःच्या पत्त्यावरचं स्वतःचं पान, त्या पानावर लिहिलेले टॅग आणि आरएसएस फीड, म्हणजे ताज्या लेखांची आपोआप मिळणारी यादी. या तिन्ही कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत. म्हणून पुढची सगळी मेहनत या तिन्हींवर करायची. समाजमाध्यमं त्यांच्यानंतर.

## पहिलं काम: अक्षरं तपासा

मराठीत टॅग लावण्यापूर्वी अक्षरं कशी साठवली जातात हे पाहावं लागतं. इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत हा भाग नसतो, कारण त्यांना त्याची फारशी गरज पडत नाही. आपल्याला पडते, म्हणून इथे जरा थांबू.

तुमच्याकडे जुना मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, आहे का बघा. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. तो मजकूर मोबाइलवरच्या साध्या नोट्समध्ये चिकटवा. अगम्य रोमन अक्षरं दिसली, तर कुठलंही शोधयंत्र तो मराठी म्हणून वाचणार नाही. अशा फाँटसाठी परिवर्तक मिळतात. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालाच, तिथे हमखास गडबड होते.

युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरातही काही शब्द दोन प्रकारे साठवले जातात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. 'पायऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन मार्गांनी येतो. एक मार्ग म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त, मग य. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'नोकऱ्या', 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'दऱ्या' या सगळ्यांना हेच लागू. न दिसणारं चिन्ह गळालं तर 'पायर्या' असं रफाराचं चुकीचं रूप होतं. माझा सल्ला असा की पहिला मार्ग धरा. न दिसणारं चिन्ह नकल-चिकटव करताना कुठे गळेल याचा नेम नसतो.

तसाच घोळ ॲ या अक्षराचा. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲम्ब्युलन्स' लिहिताना ॲ हे एकसंध चिन्ह वापरता येतं. युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ ला वेगळा चंद्र जोडून 'अॅ' लिहीत होते, काही जण अजूनही लिहितात. ए वर चंद्र देणारं 'ऍ' हे तिसरं रूपही मराठी मजकुरात सर्रास दिसतं. टॅगसाठी एकसंध ॲ ठरवून टाका.

विसर्गाच्या जागी कोलन ही तिसरी अडचण. 'दु:ख', 'अंत:करण', 'स्वत:' यांत कोलन टंकलेला असेल तर हॅशटॅग कोलनपाशी तुटतो. विसर्गाचं खरं चिन्ह कळफलकावर असतं. ते थोडं शोधावं लागतं, पण वापरा.

तपासायची पद्धत सोपी आहे. ब्लॉगवरच्या लेबलांची पूर्ण यादी उघडा (गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर टॅगला लेबल म्हणतात). एकच शब्द दोनदा आणि प्रत्येकापुढे वेगळा आकडा दिसला, तर साठवणूक वेगवेगळी झालेली आहे. हॅशटॅगसाठी एक चाचणीची पोस्ट टाका आणि रंगीत दुवा शब्दाच्या शेवटापर्यंत जातो का पाहा. मधेच एखाद्या मात्रेशी किंवा चिन्हाशी रंग थांबला, तर त्या सेवेवर तो शब्द टॅग म्हणून चालत नाही. दुसरा शब्द निवडा. ल आणि श यांची मराठी व हिंदी वळणं वेगळी दिसतात, त्याची चिंता नको. तो फाँटमधला फरक आहे, साठवलेलं चिन्ह एकच असतं.

## दुसरं काम: स्वतःची शब्दसूची

लेख लिहून झाल्यावर सुचेल तो टॅग लावायची सवय मोडायला हवी. वीस लेखांनंतर 'चाळ', 'चाळी', 'चाळीतले दिवस', 'चाळसंस्कृती' असे चार टॅग होतात आणि एकाखालीही पुरता संग्रह राहत नाही. त्याऐवजी एक शब्दसूची ठेवा. वही चालेल, स्प्रेडशीट अधिक बरी. पहिल्या स्तंभात ठरवलेला टॅग, दुसऱ्यात त्याची टाळायची रूपं, तिसऱ्यात कधी लावायचा याची एक ओळ.

टॅग नेहमी शब्दाच्या मूळ रूपात लिहा. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे 'गिरणगावात', 'गिरणगावातल्या', 'गिरणगावचा' हे तीन वेगळे टॅग होतात. 'गिरणगाव' एवढंच ठेवा. एकवचन की अनेकवचन, यातलं एक ठरवून घ्या. मी मोजता येणाऱ्या वस्तूंना एकवचन ठेवते: गिरणी, चाळ, खानावळ. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो, पण ठरवल्यावर बदलू नका.

गिरणगावच्या ब्लॉगसाठी चार प्रकारचे टॅग पुरतात. जागा: परळ, लालबाग, काळाचौकी. काळ: संप, स्वातंत्र्यपूर्व, सत्तरचं दशक. विषय: खानावळ, भजनी मंडळ, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी. लेखाचा प्रकार: आठवण, मुलाखत, फोटो, कागदपत्र. हा शेवटचा प्रकार बहुतेक जण विसरतात, पण अभ्यासकाला 'मुलाखत' हा एक टॅग पन्नास लेख चाळण्यापासून वाचवतो. प्रत्येक लेखाला या चारांतून एकेक, फार तर एखादा जास्त, एवढंच लावा. ब्लॉगरवर एका लेखाच्या सगळ्या लेबलांची मिळून लांबी २०० अक्षरांपर्यंतच चालते, हेही लक्षात असू द्या.

मुंबईतल्या जागांची नावं हा मोठाच विषय आहे. बोलताना एक, पाटीवर दुसरं, जुन्या कागदावर तिसरं. शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा, परळ आणि परेल, विलेपार्ले आणि नुसतं पार्ले. स्टेशनांची नावं बदललेली आहेत. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी. १९८२ च्या संपाच्या आठवणींत माणूस 'एल्फिन्स्टनला उतरलो' असंच म्हणणार आणि ते तसंच राहू द्यायला हवं, बोलणाऱ्याचा शब्द आपण बदलायचा नाही. टॅग मात्र आजच्या नावाचा लावा आणि लेखाच्या सुरुवातीला एक वाक्य लिहा: 'एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी स्टेशन'. दोन्ही नावं लेखात आली की शोधणारा कुठलंही नाव टंको, पान सापडण्याची शक्यता वाढते.

अनुस्वाराचंही तसंच. 'गिरणगाव' आणि 'गिरणगांव', 'नायगाव' आणि 'नायगांव' ही दोन्ही रूपं दिसतात. टॅगला आजचं प्रमाण रूप घ्या आणि 'गांव' हे रूप टाळायच्या स्तंभात नोंदवून ठेवा.

हॅशटॅगमध्ये जागा सोडता येत नाही. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं की जोडलेले शब्द वेगळे वाचता येतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून 'कामगाररंगभूमीआठवणी' वाचताना अडखळायला होतं आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला तर त्याचा अर्थच लागत नाही. शब्दांमध्ये खालची रेघ द्या: 'कामगार_रंगभूमी'. आडवी मधली रेघ देऊ नका, तिथे हॅशटॅग तुटतो. फक्त आकड्यांचा हॅशटॅग बऱ्याच सेवा मानत नाहीत, म्हणून 'संप_१९८२' असं लिहा. आकडे देवनागरी की रोमन, हेही सूचीत एकदा ठरवून ठेवा.

बरेच मुंबईकर मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकून शोधतात. त्यांच्यासाठी सगळे टॅग दोनदा लावायची गरज नाही. रोमन रूप पानाच्या पत्त्यात द्या.

## तिसरं काम: पानाचा पत्ता

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं मिळून लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. 'मुंबई' या शब्दात पाच चिन्हं आहेत: म, उकार, अनुस्वार, ब, ई. व्हॉट्सॲपवर तो पत्ता चिकटवला की पंचेचाळीस अक्षरांची माळ दिसू शकते आणि ती बघून लोक दुव्यावर टिचकी मारायला कचरतात.

वर्डप्रेस पत्त्यातल्या लेखाच्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा घालतं. मराठीत त्यात जेमतेम बावीस चिन्हं बसतात. 'गिरणगावातल्या चाळींमधल्या आठवणी' असं शीर्षक दिलं, तर पत्ता 'गिरणगावातल्या-चाळींमधल्' इथे कापला जातो. ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. मराठी शीर्षकातून त्याला पत्ता बनवता येत नाही, म्हणून तो सगळ्या लेखांना 'ब्लॉग-पोस्ट' असं सरसकट रोमन नाव देऊन पुढे आकडे लावतो.

उपाय एकच: लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने लिहा. ब्लॉगरवर उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंकचा पर्याय आहे, तिथे 'कस्टम' निवडा. वर्डप्रेसवर त्याला स्लग म्हणतात. छोटी रोमन अक्षरं, दोन-चार शब्द, मधे आडवी रेघ. 'गिरणगाव', 'चाळ', 'आठवणी' हेच शब्द रोमनमध्ये. प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलू नका, आधी कोणी दिलेले दुवे त्याने मोडू शकतात.

जमत असेल तर स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा जाळ्यावरचा पत्ता घ्या. जुलै २००६ मध्ये मुंबईतल्या लोकलमधल्या स्फोटांनंतर काही मोजकी पानं बंद करायचा सरकारी आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, म्हणजे ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचा पत्ता, सरसकट अडवलं. त्या दिवसांत हजारो निरुपद्रवी ब्लॉग देशातल्या वाचकांना दिसेनासे झाले. स्वतःचं डोमेन असलं की ब्लॉग एका सेवेवरून दुसरीकडे हलवूनही वाचकाच्या हातातला पत्ता तोच ठेवता येतो. देवनागरीतलं 'डॉट भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं आणि दिसायला छान आहे, पण काही अर्ज आणि ॲप अजून ते नीट स्वीकारत नाहीत. रोमन डोमेन मुख्य ठेवा, भारत डोमेन त्याकडे वळवा.

पत्ता ठरला की गुगलच्या शोधात आपलं पान कसं दिसतं ते सांगणाऱ्या गुगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग नोंदवा आणि साइटमॅपचा, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांच्या यादीचा दुवा द्या. नवा लेख टाकल्यावर तिथल्या तपासणीच्या चौकटीत पत्ता टाकून नोंद करायची विनंती करता येते. एके काळी पिंग जे काम करत होतं, त्याच्या जवळपास जाणारी सोय आज हीच. बिंग या शोधयंत्राला नवा पत्ता कळवायला इंडेक्सनाऊ आहे, वर्डप्रेसवर त्याचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं.

## दुसऱ्यांचं लेखन शोधताना

आता बाजू बदलू. समजा, तुम्हाला संपाच्या काळातल्या खानावळींबद्दल कोणी मराठीत लिहिलंय का ते पाहायचं आहे. नुसतं 'खानावळ' टंकलं तर जवळपासच्या खानावळींचे पत्ते येतील. शब्दसमूह अवतरणात टाका: "खानावळवाल्या बाई", "गिरणीची शिफ्ट", "तिसरी पाळी". माणूस आठवण सांगताना जे शब्द वापरेल ते शोधा. विषयाचं नाव लेखात असेलच असं नाही.

मग विभक्तीची रूपं एकामागून एक टाकून पाहा. शोधयंत्रं मराठी शब्दांची रूपं कधी जुळवतात, कधी नाही, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. 'परळ', 'परळच्या', 'परळला', 'परळमध्ये' यांचे निकाल वेगळे येतात. रूपांमध्ये इंग्रजी 'ऑर' मोठ्या अक्षरांत लिहिलं तर एका फेरीत भागतं.

एकाच ठिकाणी शोधायचं असेल तर रोमन अक्षरांत 'साइट', लगेच कोलन आणि जागा न सोडता त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा, मग शोधशब्द. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसच्या मुख्य पत्त्यांवर असा शोध घेतला की बातम्यांची गर्दी हटते आणि वैयक्तिक ब्लॉग वर येतात. माझ्या मते आज ब्लॉगशोधाची सगळ्यात जवळची जागा हीच. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथल्या जुन्या लेखनासाठीही हीच युक्ती करून पाहा. तारखेची चाळणी लावायला २०१९ पासून गुगलवर 'आफ्टर' आणि 'बिफोर' आहेत. त्यांच्यापुढेही कोलन, मग साल. संपावरचं २०१० पूर्वीचं लेखन हवं असेल तर 'बिफोर' लावा, म्हणजे तेव्हा ब्लॉगवर लिहिणारी पिढी समोर येते.

छापील जुन्या मजकुरासाठी शुद्धलेखनच बदलावं लागतं. १९६२ मध्ये नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीचे 'कांहीं', 'नांव', 'पांच', 'मुंबईंत' असे शब्द तसेच टंकल्याशिवाय स्कॅन केलेल्या पुस्तकांत सापडत नाहीत. इंटरनेट अर्काइव्हवर आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी या संग्रहात असं शोधून पाहा.

आणि इतकं करूनही मिळालं नाही, तर ज्याचा एक लेख सापडला आहे त्याच्या ब्लॉगच्या बाजूपट्टीत डोकवा. तिथे दिलेली इतर ब्लॉगांची यादी अजूनही शोधयंत्राला हरवते, कारण ती वाचणाऱ्या माणसाने केलेली असते.

## फीड: सापडलेलं हातातून निसटू नये म्हणून

चांगला ब्लॉग सापडला की त्याचं फीड घ्या. फीड म्हणजे त्या ब्लॉगच्या ताज्या लेखांची यादी, जी वाचक-ॲप स्वतः जाऊन तपासतं. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर ही चालू नावं. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर फ्रेशआरएसएस. बहुतेक ॲपमध्ये ब्लॉगचा पत्ता नुसता चिकटवला की फीड आपोआप सापडतं. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि रोमनमध्ये 'फीड' लिहून पाहा.

फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी की एका टॅगचं वेगळं फीडही मिळतं. वर्डप्रेसवर टॅगचं पान उघडा आणि त्या पत्त्याच्या शेवटी तसंच 'फीड' जोडा. एखादा ब्लॉगलेखक क्रिकेट, राजकारण आणि लालबाग असं तिन्ही लिहीत असेल, तर तुम्ही फक्त लालबाग घेऊ शकता. ब्लॉगरवरही लेबलनिहाय फीड असतं. म्हणून तर आधी टॅग नीट लावायचा आग्रह धरला. तुमचा 'मुलाखत' टॅग हा कोणासाठी तरी स्वतंत्र नियतकालिक होऊ शकतो.

गुगल अलर्टमध्ये 'गिरणी कामगार' असा शोध जपून ठेवा आणि ईमेलऐवजी 'आरएसएस फीड' हा पर्याय निवडा. नवं काही आलं की ते तुमच्या वाचक-ॲपमध्येच येतं. सगळी फीडं दोन-तीन फोल्डरांत ठेवा आणि अधूनमधून फीडांची यादी असलेली ओपीएमएल नावाची फाइल उतरवून घ्या. गुगल रीडर बंद झालं तेव्हा ज्यांनी ही फाइल उतरवली, त्यांची यादी दुसऱ्या ॲपमध्ये जशीच्या तशी गेली.

## समाजमाध्यमांवर किती आणि कसं

लेख आधी आपल्या ब्लॉगवर, मग त्याचा दुवा आणि दोन ओळी बाकीच्या ठिकाणी, हा क्रम सोडू नका. फेसबुकवर लिहिलेली सुंदर मुलाखत वर्षभरात लिहिणाऱ्यालाही सापडत नाही.

टॅगसाठी आज मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते मॅस्टोडॉन. २०१६ मध्ये ओयगेन रोच्को यांनी ते सुरू केलं. एक कंपनी, एक सर्व्हर अशी रचना नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणाने एकमेकांशी बोलतात आणि हे प्रमाण जानेवारी २०१८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलं. तिथे हॅशटॅग फॉलो करता येतो. 'मराठी' आणि 'मुंबई' हे दोन टॅग फॉलो करून सुरुवात करा. दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पोस्टच टॅगखाली दिसतात, म्हणून अगदी छोट्या सर्व्हरवर टॅग रिकामा वाटू शकतो. सुरुवातीला मोठा सर्व्हर निवडा. दुसरं म्हणजे आवृत्ती ४.२ पासून, सप्टेंबर २०२३ पासून, पोस्टमधल्या शब्दांवरही शोध चालतो, पण लेखकाने परवानगी दिली असेल तरच. ती परवानगी सेटिंगमध्ये प्रोफाइलच्या गोपनीयतेच्या पानावर आहे. चालू करा.

वर्डप्रेसवर ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन बसवलं की ब्लॉगच मॅस्टोडॉनवरच्या खात्यासारखा फॉलो करता येतो आणि लेखाचे टॅग हॅशटॅग म्हणून जातात. ज्यांचा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे त्यांनी हे एक काम तरी आजच करावं. ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे वाचक स्वतः नियम लावून फीड तयार करू शकतात, मराठी पोस्टचं फीडही करता येतं. थ्रेड्सवर एका पोस्टला एकच विषय-टॅग अशी रीत आहे, म्हणून तिथे सगळ्यात नेमका शब्द द्या, 'मुंबई' हा फार मोठा होतो.

चाळीतल्या माणसांबद्दल लिहिताना एक पथ्य पाळा. जागेचा टॅग विभागापर्यंत ठेवा, खोली क्रमांकापर्यंत नेऊ नका. मुलाखत देणाऱ्याला त्याचं नाव शोधात येणार आहे हे आधी सांगा आणि मोबाइलवरचा फोटो टाकण्याआधी त्यातली जागेची नोंद काढा. टॅग जितका नेमका तितका तो अनोळखी माणसालाही दारापर्यंत नेतो.

## जपणूक आणि दुरुस्ती

लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याचा पत्ता जाळ्यावरच्या पानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज' चौकटीत टाका. मिनिटभराचं काम आहे. ज्या पानांचे दुवे तुम्ही लेखात दिलेत तीही जपा, कारण दुसऱ्याचा ब्लॉग कधी मिटेल ते आपल्या हातात नाही. वाचलेले दुवे साठवायला पिनबोर्ड, रेनड्रॉप किंवा स्वतःच्या सर्व्हरवर वॉलाबॅग वापरा. निवड करताना एवढंच बघा की सगळे दुवे टॅगसकट एका फाइलीत बाहेर काढता येतात का. नसेल तर ती सेवा कितीही देखणी असो, नको.

ब्लॉगचा बॅकअप ब्लॉगरवर सेटिंगमधून आणि वर्डप्रेसवर 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'मधून उतरतो. मात्र त्या फाइलीत लेख आणि लेबलं असतात, फोटो नसतात. फोटो वेगळे ठेवा आणि त्यांच्या फाइलींना 'आयएमजी' आणि आकडे असं नाव राहू न देता शब्दसूचीतले शब्द द्या.

वर्षातून एकदा लेबलांची यादी उघडून जुळी रूपं एकत्र करा. ब्लॉगरवर लेखांच्या यादीत चुकीचं लेबल निवडा, आलेले सगळे लेख टिकमार्क करा, वरच्या लेबलाच्या चिन्हावरून आधी योग्य लेबल लावा आणि नंतर चुकीचं काढा. उलटा क्रम केलात तर ते लेख यादीतून हरवतात आणि पुन्हा एकेक शोधावे लागतात. वर्डप्रेसवर टॅगचं नुसतं नाव बदललं तर त्याचा पत्ता तोच राहतो, पण दोन टॅग एकत्र केले तर जुन्या टॅगचं पान नाहीसं होतं. त्या पानाकडे कोणी दुवा दिला असेल तर जुन्या पत्त्याला नव्याकडे वळवणारी नोंद रीडायरेक्शनच्या प्लगइनमध्ये करा, मगच जुना टॅग पुसा.